शेऱ्याची जागा

८ ऑगस्ट

तिसऱ्यांदा कार्ड वाचलं. तेच आलं.

वरच्या अर्ध्या भागात पेका, वय बावन्न, निकाल एए. म्हणजे सिकलसेल नाही. खालच्या अर्ध्या भागात, शेऱ्याच्या जागी: जैनी, एसएस, दवाखान्यात पाठवणे. एसएस म्हणजे सिकलसेल आहे. एका माणसाच्या कार्डावर दुसऱ्याचा आजार.

कार्ड वडेनारहून आलं आहे. भामरागडच्याही पुढे. एसटीच्या पार्सलने चंद्रपूरला आलं, तिथून मी घुग्घुसला घेऊन आले. सोबत तिथे तपासणी चालवणाऱ्या संस्थेची चिठ्ठी. शेजारच्या गावच्या पेकाने भामरागडात मोबाइलच्या दुकानात कार्ड फोनला लावून पाहिलं, त्यात हे दिसलं. जैनी म्हणजे त्याच्या मुलाला ठरलेली वडेनारची मुलगी. सोयरीक मोडली. गाव म्हणतं, हे सुकरीने मुद्दाम लिहिलं. सुकरी तिथली आरोग्यसेविका. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, यंत्रात घालायचं, कार्ड द्यायचं, हे तिचं काम. तिला आपली भाची पेकाच्या घरात द्यायची होती, असंही बोलतात. गावाने ठरवलं आहे की तिच्या हातून कुणी रक्त द्यायचं नाही. ताप आला तरी नाही. आणि हे मलेरियाचे दिवस.

संस्थेचा प्रश्न एका ओळीचा आहे: शेरा बाईने लिहिला की यंत्राने? बाईने लिहिला असेल तर तिला काढतील.

यंत्राचं कर्नेल मी सांभाळते. कर्नेल म्हणजे सगळ्यांत आतला भाग, प्रत्येक कामाला मेमरीचा तुकडा देणारा आणि परत घेणारा. 'यंत्राने' हे उत्तर मला शक्य वाटत नाही.

कंपनीतल्या धनराज सरांचा नागपूरहून फोन. "टायपिंगची चूक असन बाईची. लिहून दे ना तसं. सोमवारी रिपोर्ट पाठव आणि मोकळी हो."

९ ऑगस्ट

टेबलावरच्या यंत्रावर चाळीस कार्डं केली. नावं म्हणून स्टेशनांची नावं घातली: भद्रावती, माजरी, वरोरा. चाळीसही वेळा शेऱ्याची जागा कोरी. रिपोर्टचं पहिलं पान लिहिलं. यंत्रात दोष आढळला नाही.

आई बरबटीच्या शेंगा मोडत बसली होती. विचारलं, दिवसभर काय टिकटिक करतेस. सांगितलं. तिचे हात थांबले.

"पोरीचं लगन मोडलं?"

"ठरलेलं मोडलं."

"अन् हे मशीन जुनंबी सांगते का वो? दहा-वीस वर्साआंधीचं?"

यंत्रच चार वर्षांचं आहे, असं म्हटलं. तिने पुन्हा शेंगा घेतल्या. मग म्हणाली, "तुले शाळेत तपासलं होतं. चांगलं निंघालं होतं. कागद कुठी गेला कोन जाने."

मी विचारलं नव्हतं. आई माझ्या कामाबद्दल कधी एवढं बोलत नाही. बरं वाटलं.

११ ऑगस्ट

रिपोर्ट पाठवण्याआधी सुकरीशी एकदा बोलावं असं वाटलं. वडेनारला फोन लागत नाही. ती टेकडीवर चढते तेव्हा लागतो. संस्थेमार्फत निरोप दिला होता. दुपारी तिचाच फोन आला. वारा एवढा होता की अर्धं ऐकू येत नव्हतं.

"तुमी त्या मशीनवाल्या का?"

"हो. हर्षा."

"मंग तुमीच सांगा, मी काय लिवलं?"

"पेकाच्या कार्डावर शेरा लिहिला होता का?"

"कायले लिवू? त्याले काई झालंच नाई. शेरा जैनीले लिवला, जैनीच्या कार्डावर. तिच्यानंतर पेका बसला. त्याचा शेरा कोरा सोडला. तुमाले मी खोटारडी वाटतो का?"

मी विचारलं, दोघांच्या मध्ये यंत्र बंद केलं होतं का.

ती हसली. "बंद? म्याडम, हे मशीन मी जूनपासून बंद नाई केलं. पान्यात ऊन पडत नाई, चार्जिंग होत नाई. बंद केलं का उठाले दहा मिन्टं लावते, अन् अर्धी बॅटरी खाऊन टाकते. आमी झोपवूनच ठेवतो त्याले. फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या माच्यावर, वल नाई लागली पायजे म्हनून. सगळ्याच बाया असंच करतेत. तुमच्याच मानसानं सांगतलं होतं ट्रेनिंगमधी."

"कोणी?"

"थे धनराजभाऊ."

मी माझं यंत्र रोज संध्याकाळी बंद करते आणि सकाळी चालू करते. घुग्घुसला विजेची कमतरता नाही.

यंत्र आज चालूच ठेवलं आहे. रिपोर्ट पाठवला नाही.

१५ ऑगस्ट

चार दिवस यंत्र बंद केलेलं नाही. रोज कार्डं करते आहे. सकाळपासून वसाहतीतल्या भोंग्यावर झेंड्याची गाणी चालू होती. साडेअकराला, एकशे बाराव्या कार्डावर, माजरीच्या शेऱ्याच्या जागी वरोऱ्याचा शेरा आला.

मग वारंवार आला.

कार्डावर लिहिण्यापूर्वी माझा कोड कर्नेलकडे दोनशे छप्पन्न घरांचा तुकडा मागतो. मिळालेला तुकडा आधी कुणीतरी वापरलेला असतो. वरची घरं नव्या माणसाच्या माहितीने भरतात. शेरा नसला तर खालच्या घरांत कोणी काही लिहीत नाही. तिथे आधीच्या माणसाचं जे असेल ते राहतं, आणि सगळीच्या सगळी दोनशे छप्पन्न घरं कार्डावर उतरतात. यंत्र नुकतंच चालू केलेलं असेल तर बहुतेक तुकडे कोरे असतात. माझं यंत्र रोज सकाळी नवं असायचं.

तुकडा हाती आला की पुसायची एक ओळ असते. ती इथे का नाही, म्हणून इतिहास उघडला. ओळ होती. चार वर्षांपूर्वी, तीन मार्चला, काढली आहे. कारण: 'अनावश्यक पुसणे काढले. कार्ड लिहिण्याचा वेळ कमी.' काढणाऱ्याचं नाव माझं.

वेळ किती कमी झाला ते लिहिलेलं नाही. आज मोजला. माणसाला जाणवणार नाही इतका.

१६ ऑगस्ट

धनराज सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओळ परत टाक. अजून काय?"

अजून आहे. हा कोड आम्ही दोन वर्षांपूर्वी जगाच्या सामाईक कर्नेलमध्ये दिला. तिथेही दुरुस्त करावा लागेल, आणि तिथल्या ईमेल-यादीवर दुरुस्ती पाठवण्याची एक रीत आहे. ही चूक मुळात कोणत्या बदलाने शिरली त्याचा क्रमांक दुरुस्तीच्या खाली लिहायचा. कुणी तो क्रमांक उघडला की नाव दिसतं.

"ते काही बंधन नाही," सर म्हणाले. "गाळ ती ओळ. वेग वाढवला म्हण, साफसफाई केली म्हण. कंपनीचं नाव जाते, हर्षा. संस्थेचं काम आपल्याकडे मोठं आहे."

"आणि सुकरी?"

"संस्था पाहील ना. नवीन बाई नेमतीन."

"यंत्र बंद करू नका असं ट्रेनिंगमध्ये तुम्ही सांगितलं होतं?"

"हो. बरोबरच होतं ते."

बरोबरच होतं. माझा कोड चूक होता.

१७ ऑगस्ट

ही नोकरी गेली तर घुग्घुसमध्ये बसून असलं काम दुसरं मिळणार नाही. पुण्याला जावं लागेल, आईला इथे ठेवून. सुकरीचं काम गेलं तर माझं काही बिघडत नाही. मी तिला पाहिलेलंही नाही. रिपोर्टमध्ये एक वाक्य लिहायचं आहे फक्त, आणि तेही बहुतेक लिहून झालेलं आहे.

हे सगळं लिहून पाहिलं. खरं आहे. परत वाचवलं नाही.

१९ ऑगस्ट

चिमूरच्या स्थळाचा निरोप आला. मुलगा शिक्षक आहे. त्यांना दोघांचेही रक्ताचे रिपोर्ट हवे आहेत. आजकाल आपल्यातले बरेच लोक मागतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आईला वाटलं. "आपल्या घरी तसलं काई नाई. माणसं पाह्याची सोडून रक्त पाहून राह्यले." मग त्यांना नाही कळवून टाकलं. मला विचारलंही नाही.

आज सुबोधचा, माझ्या भावाचा, दिवस. असता तर सव्वीस वर्षांचा असता. आईने विहारात खीर दिली. वर्षावासाचं वाचन चालू आहे, बायका बऱ्याच होत्या. एकीने विचारलं, काय झालं होतं पोराला. आई म्हणाली, ताप. मला आठवतं ते पिवळे डोळे, आणि हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडणं. ताप होताच.

२१ ऑगस्ट

दुरुस्ती यादीवर पाठवली. क्रमांकाच्या ओळीसह.

पाठवण्यापूर्वी सुकरीचा फोन आला होता. यादीवर आणखी एक रीत आहे: चूक ज्याच्यामुळे कळली त्याचं नाव लिहायचं. तिला विचारलं, तुमचं नाव घालू का.

"कुठी दिसन थे?"

"सगळीकडे. जगात कुणीही पाहू शकेल."

"नको ना बाप्पा. सध्या माह्यं नाव गावातबी कोनी नाई घेतलं तर बरं."

नाव घातलं नाही. 'प्रत्यक्ष वापरातून कळलं' एवढं लिहिलं.

संस्थेलाही रिपोर्ट पाठवला. दोष यंत्राचा. ज्या बदलामुळे आला तो मी केला होता. सरांना प्रत दिली.

२४ ऑगस्ट

यादीवरून उत्तर आलं. कुठल्यातरी थंड देशातला माणूस आहे. हा भाग तो सांभाळतो. त्याने लिहिलं की लिहिण्याच्या वाटेवर पुसलं ते ठीक, पण कार्ड वाचण्याच्या वाटेवरही तसाच न पुसलेला तुकडा आहे, तोही घ्या. खरंच होता. सहा वेळा वाचून मला दिसला नव्हता. दुसऱ्यांदा पाठवलं. रात्री त्याचा एक शब्द: घेतलं.

माझ्या नावाबद्दल कुणी काही बोललं नाही. इतके दिवस ज्याची भीती वाटली ते त्या लोकांच्या लक्षातही आलं नसावं.

सरांच्या लक्षात आलं. "आता तूच जा वडेनारले. अपडेट नेटवरून जात नाही तिथं. आल्यावर बोलू." बोलू म्हणजे काय ते विचारलं नाही.

संस्थेचं उत्तर: रिपोर्ट मिळाला. गाव सुकरीला मानत असेल तर ती राहील. नाही तर कागदाचा उपयोग नाही. एक सप्टेंबरला गावाची बैठक आहे.

२९ ऑगस्ट

अल्लापल्ली. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आहे, भामरागडची गाडी पुढे जात नाही. दुसरा दिवस. लॉजमध्ये माझ्याशिवाय एक बीएसएनएलचा माणूस आहे, तोही पुलासाठी थांबलेला. म्हणाला, "कशासाठी चालल्या? नेटवर्क घालायले?" म्हटलं, नाही, एक ओळ घालायला. त्याला विनोद वाटला.

आईचा फोन तीनदा. तिथे कुणाकडून सुई टोचून घेऊ नको म्हणते. सुया स्वच्छ नसतात म्हणे.

३१ ऑगस्ट

काल दुपारी पूल मोकळा झाला. भामरागडहून संस्थेच्या जीपने आणि शेवटचा दीड तास पायी. वडेनार पस्तीस घरांचं आहे.

सुकरी माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. ठेंगणी. तिने मला पायापासून वर पाहिलं आणि म्हणाली, "तुमीच का? मले वाटलं, चश्मा असन."

यंत्रात नवा कोड घातला. घालताना ते बंद करून चालू करावं लागलं. आणि नुकतंच चालू झालेलं यंत्र जुन्या कोडनेही स्वच्छच दिसतं. उद्या कोऱ्या यंत्रावर दाखवलं असतं तर ती फसवणूक झाली असती, गावाला कळली नसती तरी. सुकरीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग मळवू ना त्याले." संस्थेने दिलेली जास्तीची बॅटरी जोडून दिवसभर दोघींनी तीच दहा कार्डं फिरवून फिरवून दीडशे वेळा लिहिली. नावं ती सुचवत होती. झाडं संपली, मासे संपले, मग तिने नावडत्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला शेरा दिला. काही शेरे इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मधे जैनीचा विषय निघाला. ती बाहेर येत नाही. पावसात तिचे हातपाय फार दुखतात. आई गरम वाळूची पुरचुंडी करून शेकते, तेवढ्यानेच बरं वाटतं, असं सुकरी म्हणाली. आमच्याकडे आईही सुबोधला तसंच शेकायची. सगळीकडे हाच उपाय दिसतो.

"तुमची तपासनी झाली का, ताई?" तिने विचारलं.

"शाळेत झाली होती. काही नव्हतं."

"कागद हाय?"

"हरवला."

तिने पुढचं कार्ड लावलं.

गेल्या आठवड्यात गावात दोघांना ताप आला. दोघांनाही खाटेवर घालून दवाखान्यात नेलं, अकरा किलोमीटर. सुकरीच्या घरात मलेरिया तपासायचं सगळं सामान पडून होतं.

१ सप्टेंबर

बैठक गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात झाली. साठ-सत्तर माणसं, बायका एका अंगाला. जैनी नव्हती, तिची आई होती.

मला माडिया येत नाही. सुकरी आपलीच बाजू आपणच माडियात मांडणार हे चाललं नसतं, म्हणून लालसूभाऊ दुभाषी झाले. म्हातारे आहेत, बांबूच्या कामावर बल्लारपूरला होते, मराठी चांगली बोलतात.

मी दहा मिनिटं बोलले. मेमरीचा तुकडा, वरची घरं, खालची घरं, न पुसणं. लालसूभाऊ माडियात अर्धा मिनिट बोलले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलंत?"

"उष्ट्या द्रोणात वाढलं म्हन्लं. पयल्याचं धुतलं नाई, दुसऱ्याले त्याच्यातच वाढलं."

इथे जेवणात पानाचा द्रोण एकदा वापरला की फेकतात. दुसऱ्याला देत नाहीत.

"बरोबर," मी म्हटलं.

एका माणसाने काही विचारलं. लालसूभाऊ म्हणाले, "वाढलं कोनं, म्हनते."

"मी."

"धुवाले काय झालं होतं?"

"वेळ वाचवायचा होता."

"किती वाचला?"

चुटकी वाजवून दाखवली. नंतर म्हटलं, याहून कमी. कुणी हसलं नाही.

जैनीची आई उभी राहिली. ती मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून. "आता कळलं, सुकरीनं नाई लिवलं. तुह्या मशीननं लिवलं. मंग सोयरीक परत येते का?"

"नाही."

"तू जाशीन का पेकाकडं सांगाले?"

"जाईन. पण आजार खरा आहे. तो खोटा आहे असं मला सांगता येणार नाही."

ती बसली. तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

मग बराच वेळ माडियात बोलणं झालं. शेवटी लालसूभाऊंनी सांगितलं, गाव म्हणतं, दाखव. आधी तुझं रक्त घाल. मग दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या कार्डात तुझं निघालं तर मशीन इंद्रावती नदीत, आणि सुकरीने हे काम सोडायचं. दुसरा कोण, तर लालसूभाऊ स्वतः.

हीच चाचणी मीही केली असती.

सुकरीने माझं बोट पुसलं आणि टोचलं. पाच आठवड्यांत तिच्या हाताने घेतलेला हा पहिला थेंब. निकालाला दहा मिनिटं लागतात. सगळे बसून राहिले. पडदा तिच्याकडे होता. निकाल आला तेव्हा तिने तो वाचला आणि मग शेराही टाइप केला. बराच वेळ टाइप करत होती. शेरा लागणारच होता, त्याशिवाय चाचणीला अर्थ नव्हता. कार्ड काढून माझ्या हातात दिलं, पडद्यावर हात ठेवला. मी ते न वाचताच पाकिटात टाकलं.

मागून कुणीतरी विचारलं. एवढं माडिया मला कळलं: काय निघालं?

सुकरीने पडद्यावरचा हात काढला नाही.

जैनीची आई पुन्हा उठली. "सांग ना. आमच्या पोरीचं साऱ्यानं आयकलं. हिचं आमी काऊन नाई आयकाचं?"

ते न्याय्य वाटलं. मी म्हटलं, "सुकरीताई, सांगा. माझी काही हरकत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाई."

"अहो, मीच सांगते आहे."

"नाई. थे तुमचं हाय. तुमाले उद्या सांगन. इथी नाई." मग ती जैनीच्या आईकडे वळली आणि माडियात बोलली. फार नाही, दोन-तीन वाक्यं. नंतर लालसूभाऊंना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं: जैनीचंही मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही, तुला आणि तिलाच सांगितलं, आठव.

जैनीची आई उभीच होती. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली आणि थांबली.

मग लालसूभाऊंचं रक्त. आणखी दहा मिनिटं. निकाल एए, शेरा नाही. त्यांचं कार्ड मी माझ्या फोनला लावलं आणि फोन फिरवला. वर त्यांचं नाव, खाली काही नाही. खालच्या कोऱ्या घरांची एकशे अठ्ठावीस शून्यं. पन्नासेक माणसांनी फोन हातात घेऊन पाहिला, जे वाचू शकतात त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. फोन परत आला तेव्हा बरेच जण उठून गेले होते.

एवढ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ती शून्यंच पटली असावीत. प्रात्यक्षिकाला पर्याय नसतो. दुरुस्ती काम करते आहे. एवढं मळवूनही मागचं काही निघालं नाही.

पण ठराव झाला नाही. सुकरीला ठेवायचं की नाही, कुणी काही म्हटलं नाही. लालसूभाऊंना विचारलं. "उद्या दिसन," म्हणाले.

रात्री सुकरीने मला जेवायला आधी वाढलं. माझं लग्न झालं आहे का विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. एक भाऊ होता म्हटलं. किती वर्षांचा असताना गेला, कसा गेला, हे तिने इतक्या हळू विचारलं की मला तिचंच वाईट वाटलं. दिवसभराचा ताण असेल.

२ सप्टेंबर

सकाळी सुकरी मला घरामागे घेऊन गेली आणि माझा निकाल सांगितला. तो इथे लिहीत नाही. कार्ड पाकिटात आहे. आईला फोन करायचा आहे, त्यासाठी टेकडीवर जावं लागेल.

परत आलो तेव्हा अंगणात नऊ माणसं बसली होती. चौघांना ताप होता. जैनीची आई तिसरी होती, जैनी तिच्या मागे. सुकरीने यंत्र माच्यावरून काढलं नाही, कुणी मागितलंही नाही. तिने काचपट्ट्या घेतल्या आणि पहिल्या माणसाचं बोट धरलं. मी बाजूला बसून पट्ट्यांवर नंबर घालत होते. नाव फक्त तिला माहीत असायचं.